जोडी जमेपर्यंत

१

रोज सकाळी सातला मी पिंपातलं पाणी गाळायला घेत असे. दुहेरी कापड, बादलीच्या तोंडाला घट्ट बांधलेलं. माशांना गाळलेलं पाणी लागत नाही, असं अभिनंदननं मला तीनदा सांगितलं होतं. पण पाणी न गाळता वापरायची सवय माझ्या हाताला नाही. मग टाकीतलं निम्मं पाणी नळीनं काढायचं, नवं सावकाश सोडायचं, काचेवरचा शेवाळी थर पुसायचा. तासभर जायचा. तो तास मला आवडायचा.

मासे अभिनंदनचे, म्हणजे माझ्या मुलाचे. त्याला पुण्याला नोकरी लागली, तिथल्या एका खोलीत टाकी मावेना, म्हणून ती माझ्याकडे आली. आणि मी सीताक्कांकडे. आक्का माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांना मूलबाळ नाही, राजारामपुरीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांच्या नावावर. हे गेल्यावर भाड्याचं घर सोडून मी इथं राहायला आले, त्याला दीड वर्ष झालं होतं. दुसरीकडे जायला मला जागा नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं. आक्का ते रोज एकदा तरी बोलून दाखवायच्या.

"चातुर्मासात आम्ही हिरवी भाजी सोडतोय, आन् ही घरात मासं घेऊन बसलीया."

"खायला न्हाय आणलं, आक्का. सांभाळायला आणलंय."

"व्हय, जयसिंगपुरात भावकीत जाऊन सांग तसं. चौगुल्यांची सून मासं आणती म्हटल्यावर फुडचं कोण ऐकून घेतंय?"

डिस्कस म्हणतात त्या माशांना. ताटलीसारखे गोल आणि चपटे. बाजूनं बघितला तर अख्खी ताटली, पण त्यानं आपल्याकडे तोंड केलं की नुसती एक उभी रेघ राहते, जवळजवळ दिसेनासाच होतो. एक विटकरी लाल होता, तो नर. दुसरी निळसर. घाबरली की तिच्या अंगावर काळे उभे पट्टे उमटायचे. ते पट्टे त्या दिवसांत जातच नव्हते.

२

लाल्या तिला जगू देत नव्हता. खायला टाकलं की तिला ढुसण्या मारून कोपऱ्यात न्यायचा, तिथून हलू द्यायचा नाही. तिचे पर फाटले होते. मी मध्ये भोकाभोकांचा प्लास्टिकचा पडदा घातला, आठ दिवस ठेवला. काढल्यावर दुसऱ्या दिवशी परत तेच.

आक्का टाकीपाशी येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या.

"त्रिशला, माझ्या घरात जीव मेलेला मला चालायचा न्हाय. ती मेली तर टाकी जाईल. आन् टाकीच्या मागनं तूबी जा, लेकाकडं."

त्या नेहमीसारख्या ओरडल्या असत्या तर मी मनावर घेतलं नसतं. पण त्या हळू बोलल्या.

मी शोभेच्या माशांच्या दुकानातून धैर्यशीलला बोलावून घेतलं. अभिनंदनला हे मासे त्यानंच दिले होते. त्यानं टाकीभोवती एक फेरी मारली, काचेवर बोट फिरवलं.

"काकू, पाणी एक नंबर ठेवलंय तुम्ही. पण ही जोडी अजून जमलेली न्हाय."

"मग जमणार कशी रे?"

"तिसरा टाकायचा. बारका एखादा. मग ही दोघं मिळून त्याला हाणत्यात. त्याला हाणता हाणता ह्यांचं आपसात जुळतंय. चार दिसांनी तिसऱ्याला काढायचं."

"आणि त्या तिसऱ्याचं काय?"

"जगला तर जगला की."

मी नाही म्हटलं. मार खायला म्हणून कुणाला घरात आणायचं, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. धैर्यशील हसला. स्वयंपाकघराकडे डोळा टाकून हळूच म्हणाला, "मग आक्कांनाच सोडा टाकीत. लाल्या सुधारतोय बघा."

"ऐकू आलं रं मला!" आक्का आतून म्हणाल्या. "चहा पिऊन जा. साखर घालणार न्हाय."

३

आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवतो. सहाला पानं घ्यायची. आणि जेवायच्या आधी घरातल्या बाईनं दार उघडून घटकाभर उंबऱ्याशी उभं राहायचं, ही माझ्या सासरची पद्धत. कुणी त्यागी, कुणी अतिथी येतो का बघायचं. आलं तर आधी त्याला, मग आपण. तिसऱ्या मजल्यावर कोण येणार? समोर फक्त लिफ्टचं दार. तरी मी रोज उभी राहायची. सासूबाईंनी लावलेली सवय.

त्या संध्याकाळी आमटीतल्या मिठावरून आमचं वाजलं होतं. मी उंबऱ्याशी उभी राहिले. धैर्यशीलचं बोलणं डोक्यात होतं. माझ्या मनात आलं, आमच्या दोघींतही कुणी तिसरं असतं तर बरं झालं असतं. आक्कांचं तोंड जरा तिकडं वळलं असतं. यावं कुणीतरी.

फक्त मनात आलं. मी बोलले नाही.

लिफ्ट वर आली आणि आमच्या मजल्यावर थांबली. दार सरकलं. आतला दिवा पिवळा होता. कुणी नव्हतं. मी अजून थोडा वेळ उभी राहिले, मग आत आले.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा आक्का म्हणाल्या, "दार लावलं न्हाईस व्हय?"

दार सताड उघडं होतं. मी ते लावलं होतं असं मला वाटत होतं. आजही वाटतं.

४

दुसऱ्या सकाळी निळीच्या अंगावरचे पट्टे गेले होते.

मी काच पुसली, चष्मा पुसला. दोघं शेजारी शेजारी होते, अंगाला अंग लावून. खायला टाकलं तर दोघांनी मिळून खाल्लं. मी अभिनंदनला फोटो पाठवला. त्यानं टाळ्या पाठवल्या.

त्या दिवशी सहाला आम्ही जेवायला बसलो. आमचं टेबल टाकीसमोरच आहे. त्याला तीन खुर्च्या. एक आक्कांची, तिच्या शेजारी माझी, आणि समोरच्या बाजूची तिसरी, जिच्यावर आम्ही वाळलेले कपडे टाकायचो. मी भाकरी मोडली आणि आवाज आला.

टप.

लाल्यानं काचेवर धडक मारली होती. मागोमाग निळीनं. टप. दोघं पर फुलवून, रंग गडद करून, काचेच्या एकाच जागी. ती जागा तिसऱ्या खुर्चीसमोरची होती.

आम्ही जेवत होतो तोवर ते चाललं. उठलो, हात धुतले, आणि थांबलं.

मी स्वतःची समजूत घातली. तिन्हीसांजेचं ऊन तिरपं येतं, खुर्चीची सावली काचेत पडत असेल. दुसऱ्या दिवशी खुर्चीवरचे कपडे काढायला गेले तर ते नव्हते. घड्या घालून माझ्या पलंगावर ठेवलेले होते. आक्कांनी ठेवले असणार. पण आक्का घड्या तीन पदरी घालतात. या चार पदरी होत्या, माझ्यासारख्या.

मी धैर्यशीलला फोन केला.

"प्रतिबिंब दिसत असंल, काकू. कागद चिकटवा भाईरनं."

मी कॅलेंडरचा जाड कागद चिकटवला. सहा वाजता कागदामागून आवाज आला. टप. टप. त्यांना खुर्ची दिसत नव्हती, तरी जागा तीच होती. मग मी खुर्चीच उचलून गॅलरीत नेली, तशी दोघं वळली आणि गॅलरीच्या बाजूच्या काचेवर धडका मारू लागली. मला खुर्ची परत आत आणून ठेवावीशी वाटली. गॅलरीत ती दिसत नव्हती, हे जास्त वाईट होतं. मी आणली.

आक्का बघत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. दीड वर्षात पहिल्यांदा.

५

त्यानंतरचे पंधरा दिवस माझ्या या घरातले सगळ्यांत चांगले दिवस होते. हे लिहिताना मला विचित्र वाटतं, पण तसं होतं.

आक्का बदलल्या. सकाळी पाणी गाळायला माझ्याबरोबर येऊन कापडाचं टोक धरू लागल्या. एकदा माझ्या डोक्याला तेल लावलं. "केसं गळाय लागल्यात की गं तुझं," म्हणाल्या, आणि त्यांचा हात माझ्या डोक्यावर बराच वेळ राहिला. बाजारात जायचं तर दोघी जायचो. घरात एकटी थांबायला दोघींपैकी कुणी तयार नव्हतं, पण कारण दोघी वेगळंच सांगायचो. मला पाय मोकळे करायचे असायचे, त्यांना पिशवी जड व्हायची.

सहाला आम्ही टेबलाच्या एका बाजूला खुर्च्या जवळ ओढून बसायचो. अंगाला अंग लागेल इतक्या जवळ. समोर तिसरी खुर्ची. आम्ही ताटात बघून जेवायचो. टप, टप चाललेलं असायचं.

एका संध्याकाळी आक्कांनी माझं मनगट धरलं.

"त्रिशला, तुला एक इचारू?"

"विचारा की."

त्यांनी समोर बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या कपाळावर दोन उभ्या आठ्या पडल्या होत्या.

"मीठ बरोबर हाय न्हवं?"

"बरोबर हाय, आक्का."

"मग झालं तर."

मला कळलं की त्यांनाही कळलंय. काय कळलंय, ते मात्र मला कळलं नाही. मला वाटलं, आपण बोललो तर हे मोडेल. दोघींमधलं हे चांगलं झालेलं मोडेल. म्हणून मी बोलले नाही. आणि दार उघडून उंबऱ्याशी उभं राहणंही बंद केलं. आत कुणी असलं तर बाहेर कुणाची वाट बघायची, असा विचार मनात आला आणि मी तो तिथंच दाबला.

६

निळीनं अंडी घातली. टाकीत मी एक मातीची कुंडी उलटी ठेवली होती, तिच्यावर. तिसऱ्या दिवशी ती वळवळायला लागली, आणखी तीन दिवसांनी पिल्लं पोहू लागली. मोहरीएवढे ठिपके नुसते. ती आईबापाच्या अंगाला चिकटायची आणि अंगावरचा चिकट थर खायची. या माशांचं असंच असतं, धैर्यशील म्हणाला, आईबाप आपल्या अंगावरच पोरं पोसतात. एक दमला की दुसऱ्याच्या अंगावर झटकून देतो.

पिल्लं आल्यावर दोघं आणखी चिडतील असं मला वाटलं होतं. त्या संध्याकाळी सहा वाजले, भाकरी मोडली. टाकी गप्प होती.

दुसऱ्या दिवशीही गप्प.

"निवलं बघ," आक्का म्हणाल्या.

"काय निवलं?"

"मासं गं. दुसरं काय?" आणि त्या हसल्या. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या.

मला बरं वाटायला हवं होतं. पण मी टाकी रोज बघते. दोघं त्या काचेपासून दूर गेले नव्हते. उलट तिथंच असायचे, तिसऱ्या खुर्चीसमोर, पण पर मिटून, रंग मोकळा ठेवून. तोंडं वर करून. मी खायला घेऊन गेले की ते असंच करतात. एका संध्याकाळी मी वाकून बघितलं, तर पाण्यावर त्यांच्या खाण्याच्या दोन गोळ्या तरंगत होत्या. मी सकाळपासून काही टाकलं नव्हतं. आक्का माशांच्या गोळ्यांना हात लावत नाहीत. डबा कपाटात होता, झाकण घट्ट.

मी मनाला सांगितलं, सकाळच्याच असतील, कुठंतरी अडकलेल्या. दहा मिनिटांत त्या गोळ्या मऊ पडून तळाला जातात, हेही मला माहीत होतं.

मग एकदा मी न्हाणीघरातून ओले केस घेऊन बाहेर आले, तर स्वयंपाकघरात आक्का बोलत होत्या. हसून, थांबून, उत्तर ऐकल्यासारखं करून.

"कुणाशी बोलताय, आक्का?"

"तुझ्याशीच की."

"मी न्हाणीत होते."

त्यांनी माझ्या ओल्या केसांकडे बघितलं. मग ओट्याकडे, आपल्या शेजारी. त्या गोंधळल्या. खरंच गोंधळल्या, सोंग नव्हतं ते.

"मग टोमॅटो कुणी चिरले?" त्यांनी विचारलं.

परातीत टोमॅटो चिरलेले होते. देठ न काढता, चार फाकी. मी चिरते तसे.

७

माझ्या मावसबहिणीच्या नातवाचं बारसं गारगोटीला होतं. मला जायचं नव्हतं. आक्काच मागे लागल्या.

"जा की गं. दोन दिस. माशांस्नी मी बघतो."

"तुम्ही? एकट्या राहाल?"

"एकटी कशानं?" त्या म्हणाल्या.

गारगोटीला सगळं चांगलं झालं. बाळ गोरं होतं, पेढे भरपूर होते, मला कुणी टोचून बोललं नाही. मी मात्र सारखी घड्याळ बघत होते. सहाला फोन केला.

"जेवलात का, आक्का?"

"झालं की आमचं."

आमचं. म्हातारी माणसं असंच बोलतात, मी म्हटलं. मागून आवाज येतोय का, म्हणून मी फोन कानाला दाबला. टाकीच्या पंपाची घरघर. भांड्यावर पळी लागल्याचा आवाज. आक्का फोन धरून बसल्या असतील तर पळी कोण हलवत होतं, असं वाटलं. पण फोन खांद्यात धरूनही माणूस पळी हलवतं.

"निळी कशी आहे?"

"कोण निळी?" आक्का म्हणाल्या, आणि त्यांच्याकडून फोन ठेवला गेला.

मी दुसऱ्या दिवशी दुपारचीच एसटी धरली.

८

पावणेसहाला मी पोचले. लिफ्ट वरच अडकलेली होती म्हणून जिन्यानं गेले. तिसऱ्या मजल्यावर आमचं दार उघडं होतं आणि उंबऱ्याशी आक्का उभ्या होत्या.

मला इतकं बरं वाटलं की हातातली पिशवी मी खालीच ठेवली. जी रीत मी सोडली ती त्यांनी धरली होती. माझ्यासाठी.

"आक्का, माझीच वाट बघत होता व्हय?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. रागानं नाही. शेजारणीकडे आलेल्या बाईकडे बघावं तसं.

"या पावणं," त्या म्हणाल्या. "येळंवर आलासा. या, जेवूनच जावा."

मी हसले. चेष्टाच असणार. आक्कांनी मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. मी चपला काढल्या, आत गेले. टेबलावर तीन ताटं होती. आक्कांच्या ताटात भाकरी अख्खी. शेजारच्या, माझ्या ताटात ती चार तुकडे करून एकावर एक ठेवलेली, मी ठेवते तशी. वरचा तुकडा मोडलेला होता. तिसरं ताट रिकामं, पुसून ठेवलेलं, तिसऱ्या खुर्चीसमोर.

मी माझ्या खुर्चीकडे गेले. आक्कांनी माझा हात धरला, हळूच.

"तितं नको. हितं बसा."

आणि मी बसले. का बसले ते मला सांगता येत नाही. दुसऱ्याच्या घरी दाखवतील तिथं माणूस बसतं.

खुर्ची कोमट होती. त्या खुर्चीवर मी यापूर्वी कधी बसले नव्हते. तिच्यावरून घर वेगळंच दिसत होतं, अरुंद आणि लांब. टाकी माझ्या उजव्या हाताला आली. पिल्लं दोघांच्या अंगावर चिकटली होती. दोघं एकदम वळले. ताटल्या होत्या त्या रेघा झाल्या, दोन उभ्या रेघा, माझ्याकडे तोंड केलेल्या.

टप.

मी दचकले. निळीच्या अंगावर पट्टे नव्हते. मी तिला जगवलं होतं. रोज निम्मं पाणी, गाळून. टप, पुन्हा, माझ्या चेहऱ्यासमोर.

"दम धरा रं," आक्का टाकीला म्हणाल्या. "पावणं हायत. जातील जेवून."

मला म्हणायचं होतं, आक्का, मी त्रिशला. शब्द तोंडात आला होता. पण ते नाव त्या घटकेला दुसरं कुणी वापरत होतं, आणि मध्येच मागून घेणं बरं दिसणार नाही, असं मला वाटलं. असं का वाटावं? मी काचेत बघितलं. काचेत आक्कांचा खांदा दिसत होता, आणि त्या खांद्याला लागून दुसरा एक, हिरव्या पातळातला. मी खाली माझ्या मांडीकडे बघितलं. ते हिरवं पातळ माझ्या अंगावर होतं. मग ते माझंच प्रतिबिंब असणार. पण मी आक्कांच्या समोर बसले होते, शेजारी नाही.

मान वर करून मी समोर बघायचं होतं, एवढंच. तीन हात अंतर. मी ताटातच बघत राहिले.

आक्का जेवता जेवता शेजारी वळल्या. इतक्या मायेनं त्या माझ्याशी गेल्या महिन्यातच बोलायला लागल्या होत्या.

"त्रिशला," त्या म्हणाल्या, "पावण्यास्नी वाढ की गं."

माझं नाव घेतलं म्हणून मी उठले आणि पळीकडे हात केला. माझा हात पोचायच्या आधीच माझ्यासमोरच्या ताटात आमटी पडली.